भीती नसल्याचा जबाब

सुरुंगवाल्या नूर महंमदला टाडा कायद्याखाली धरून नेलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि तेव्हापासून झुलाल आबांना घास गोड लागला नव्हता. एरवी माणूस कुणाला भिणारा नाही. पारोळ्याच्या अलीकडच्या त्या गावात भावाभावांचा बांध पेटला की दोघंही आबांच्या ओट्यावर यायचे, आणि आबा बोलले की विषय मिटायचा. असा माणूस या एका बाबतीत मात्र मूग गिळून बसला होता.

तशी गोष्ट एवढीशी. आबांच्या मळ्यात विहिरीचं काम चाललं होतं. खाली काळा पाषाण लागला, म्हणून पारोळ्याहून नूर महंमदला बोलावलं. खडकात भोकं पाडायची, जिलेटीनच्या कांड्या ठासायच्या आणि सुरुंग उडवायचा, हा त्याचा बापापासूनचा धंदा. कांड्या विहीरमालकाने आणायच्या आणि उरलेल्या त्याच्याच घरी ठेवायच्या, ही रीत. पण नेमकी तेव्हाच आबांची सून बाळंत झाली. ज्या घरात पाचवीला सटीचा, म्हणजे सटवाईचा दिवा लागायचा होता, त्या घरात सुरुंगाची दारू? छे! गावात असलं कुणी करत नाही. आबांनीच कांड्या पिशवीत घालून नूर महंमदच्या हातात दिल्या, पाचवी झाली की परत आण म्हणाले. तो नको नको म्हणत होता. मुंबईत नुकतेच स्फोट झालेले, दिवस वाईट होते. आबा हसले. तुला सगळा तालुका ओळखतो, तुला कोण काय करतं, म्हणाले.

पोलिसांनीही त्याला ओळखीवरूनच धरलं. नाव ठाऊक, धंदा ठाऊक, घर ठाऊक. घरात पिशवी सापडली. मग त्याचा कबुलीजबाब आला, त्याखाली त्याची सही आली, आणि त्या कायद्यात पोलीससाहेबापुढचा कबुलीजबाबसुद्धा कोर्टात चालतो म्हणे. आता बोला! आबांनाही विचारायला आले होते. त्याच्या घरात काय होतं ते मला काय ठाऊक, असं सांगून आबांनी आपली कातडी वाचवली. कांड्या माझ्या म्हटलं असतं तर तेही आत गेले असते. जामिनाचं नाव काढायला नको होतं.

नूर महंमदची बायको रईसा एकदा येऊन गेली. तिने ना शिव्या दिल्या, ना शाप. कांड्या कुणाच्या तेवढं कोर्टात सांगा, इतकंच मागितलं. झुंबरबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, तिच्यासाठी चहा ठेवला, आणि आबा मागच्या दाराने मळ्यात निघून गेले. त्या दिवसापासून झुंबरबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

आणि एके सकाळी ओट्यासमोर सरकारी जीप उभी राहिली. नायब तहसीलदार गिरधर महाले आले होते. माणूस सरळ, पण तालुक्याच्या कामांनी पिचलेला. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. परदेशातल्या कुठल्याशा मानवी हक्कांच्या संघटनेने अहवाल काढला होता, की भारतातल्या टाडाच्या खटल्यांत न्याय मिळत नाही, साक्षीदार भीतीने तोंड उघडत नाहीत. त्यात उदाहरण म्हणून नूर महंमदचं नाव छापलं होतं. दिल्लीने मुंबईला विचारलं, मुंबईने जळगावला, जळगावने पारोळ्याला. वरून पाणी सोडलं की शेवटी वाफ्यातच येतं.

कागद टाइप करूनच आणलेला. या भागात कायद्याची कुणालाही भीती नाही, साक्षीदार निर्भयपणे बोलू शकतात, खटला रीतसर चालू आहे. खाली गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी होती. महाले कळवळून बोलत होते. मुंबईत रस्त्यावर माणसं मेली, त्यांच्या हक्कांचं कोण बोलतं? आणि बाहेरच्यांनी येऊन आपल्याला न्याय शिकवायचा? आबांना ते मनापासून पटलं. त्यांनी पेन हातात घेतलं.

पण सही होईना. आबांनी कागद पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. महाल्यांनी वाचला.

"आठे कोनले भ्याव नही, आसंच ना?" आबांनी विचारलं.

महाल्यांनी मान हलवली.

"मंग आखो एक ओळ लिखा. त्या कांड्या मन्या व्हत्यात. मीच त्याले घर लई जावाले सांगं."

महाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आबा, हे लिहिलं तर उद्या तुम्हाला उचलतील. मी काही ऐकलं नाही. सही करा आणि मोकळे व्हा."

"मंग भ्याव शे, आसं लिखा," आबा म्हणाले. "दोन्हीमातलं एक तरी लिखनं पडी."

 आबांची भीती गेली होती असं मुळीच नाही. त्यांना दरदरून घाम फुटला होता. पण लाज भीतीहून जड झाली होती, आणि ती आणखी एक दिवसही पेलवणार नव्हती. दारात उभ्या झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला, पण नको म्हणाल्या नाहीत.  भीती आहे असं लिहून वर पाठवायची महाल्यांची छाती नव्हती. म्हणून त्यांनी दुसरं लिहिलं, कांड्या आबांच्या असल्याचं. आबांनी सही केली.

दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी आबांना नेलं.

त्या जबाबावर नूर महंमदच्या वकिलाने कोर्टात जोर लावला, आणि दिवाळीनंतर त्याला जामीन मिळाला. आबा मात्र आतच. कांड्या माझ्या, हे त्यांच्याच सहीने लिहिलेलं होतं ना.

सुटल्यावर नूर महंमद तुरुंगात आबांच्या भेटीला गेला. बरोबर पेपर नेला होता. परदेशी संघटनेला सरकारने दिलेलं उत्तर त्यात छापून आलं होतं, आणि जाळीपलीकडून त्याने ते आबांना वाचून दाखवलं. भारतात साक्षीदारांवर कसलंही दडपण नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका प्रतिष्ठित शेतकऱ्याने आपणहून पुढे येऊन आरोपीच्या बाजूने जबाब दिला, आमची न्यायव्यवस्था निष्पक्ष असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? साक्षीदाराच्या सुरक्षिततेसाठी त्याचं नाव गुप्त ठेवण्यात आलं आहे.

ऐकून झाल्यावर आबांनी विचारलं,

"तो साक्षीदार आते कोठे शे, ते लिखेल शे का?"

नूर महंमदने बातमी वरपासून पुन्हा वाचली. मग नाही म्हणाला, आणि जाळीला कपाळ टेकून रडायला लागला.