वजन घटलेला कागद

वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा हलका भरला, तेव्हा मी आधी काट्यावर संशय घेतला. काटा पुसला, पुन्हा तोलला. तेच. शाळेच्या गच्चीवरच्या यंत्रात चोवीस तास हवा गाळून आलेला कागद धुळीने जड व्हायला हवा. हा वजन घटवून आला होता. दोन महिने तिथले फिल्टर स्वच्छ येत होते आणि मी खुशीत अहवालांवर सह्या ठोकत होते. आता मात्र पाणी कुठेतरी मुरतंय याची खात्री पटली.

भिंगाखाली कागदावर ओरखडे दिसले आणि एक तांबूस केस.

गच्चीवरून पेटीत घालून फिल्टर आणणाऱ्यांना आम्ही पेटीवाले म्हणतो. त्यांची मिशी तांबूस आहे.

"खडीवाल्यांनी किती दिले?" मी तोंडावरच विचारलं. शाळेमागे खडी फोडायचा कारखाना आहे.

"ताई, माझ्या पेटीला कुलूप असतं," ते म्हणाले. "आणि मिशीतला एकही केस कमी नाही. मोजून घ्या हवं तर."

मी हसले नाही. संशय माझ्या हाडीमाशी खिळलाय. नवरा म्हणतो, मी आरशालाही ओळखपत्र मागेन. घरात माझ्या तावडीतून कोणी सुटत नाही, तिसरीतली लेकसुद्धा नाही.

ती त्याच शाळेत आहे. दोन महिने खोकतेय. मी तिला सुनावलं होतं, "तुमची हवा मी रोज तोलते. स्वच्छ आहे. शाळा बुडवायची नाटकं पुरे." तिचा रंगवायचा ब्रश हरवला, तेव्हाही मी तिला खोटारडी ठरवलं होतं.

ही धूळ केसाहून कितीतरी बारीक असते. नाकात अडत नाही, थेट फुप्फुसात उतरते, तिथून रक्तात. हे मीच प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना शिकवते. माझे आकडे खोटे असतील, तर तिचा खोकला खरा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. पेटीवाले नवाला येतात. आठला झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, यंत्राचं झाकण उघडलं, कागद बाहेर काढला आणि कमरेचा ब्रश काढून तो अलगद झाडायला लागल्या. लाल दांड्याचा, तांबूस केसांचा ब्रश. माझ्या लेकीचा.

"मावशी! कोणी सांगितलं हे? खडीवाल्यांनी ना?"

त्या दचकल्या. "अगं बाई, कोण खडीवाले? तुमच्या लेकीनं सांगितलं. ब्रशही तिचाच. म्हणाली, कागद काळा गेला की आई घरी येऊन सगळ्यांवर चिडते, स्वच्छ गेला की चिडत नाही. म्हटलं, एवढी गच्ची झाडते, एक कागद झाडला तर माझं काय जातंय? परवा डाग जाईना, म्हणून जरा जोरात घासला. बिघडलं का काही?"

"कधीपासून झाडताय?"

"झाले की दोन महिने."

त्यांच्या हातातला कागद अजून अर्धा काळा होता. मी तो तसाच काढून घेतला आणि डबीत ठेवला. कोणावर ओरडावं तेच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला संशय घ्यायला दुसरं कोणी सापडत नव्हतं.

खाली घंटा झाली. मी जिना उतरले. मुलांच्या रांगेत माझी लेक वाकून खोकत होती. मी धावत तिच्याकडे गेले. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि घाईघाईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हात काढेना.

"नाही गं आई," ती बोटांआडून कशीबशी म्हणाली, "मी खोकत नाहीये."