कानाने निवडलेला स्कोप

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला आपल्या कानाचा गर्व असतो, आणि मला तर जरा जास्तच. पस्तीस वर्षं टिकटिक ऐकून पोट भरलं. म्हणून भाचीच्या रायफलला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घ्यायचं ठरल्यावर मी म्हणालो, "चल, मी येतो. तुला कोणीही टोपी घालील."

आमच्या खिशाला परवडणारे दोनच होते. स्कोपच्या डोक्यावर एक गोल बटण असतं, टरेट म्हणतात त्याला. ते एकेक क्लिक फिरवलं की नेम जरासा वर किंवा खाली सरकतो. एकाचं टरेट भिजलेल्या बिस्किटासारखं मऊ. दुसऱ्याचं कसं, खणखणीत! टक, टक, टक. मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणालो, "हाच."

"अहो, आवाजावर जाऊ नका," दुकानदार म्हणाला. "टरेट वर नेऊन परत आणलं की नेम जागेवर येतो का, ते बघायचं. मागे नेमबाजीची रेंज आहे, दोन्ही लावून गोळ्या मारून बघा."

भाचीही हळूच म्हणाली, "मामा, बघू या ना."

"मला शिकवता? क्लिक स्वच्छ म्हणजे आतलं काम स्वच्छ!" मी सगळ्यांसमोर खेकसलो. आणि तोच बांधून घेतला.

महिन्याभराने तिच्या नेमबाजी क्लबच्या संघाची निवड होती. जागा एकच, आणि वयामुळे भाचीची ही शेवटची संधी. आधी पन्नास मीटर, मग टरेट वर नेऊन शंभर, मग खाली आणून पुन्हा पन्नास. पहिल्या दोन फेऱ्यांत तिने कमाल केली. तिसरीत मात्र सगळ्या गोळ्या वर लागल्या. वर, पण एकाच जागी, एका नाण्याखाली झाकतील अशा.

प्रशिक्षकबाई कागद घेऊन आल्या. "स्कोपबद्दल शंका आहे? आत्ता लिहिलंस तर तपासू आणि पुन्हा संधी देऊ. सही केल्यावर काही नाही."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, टरेट परत येत नाहीये बहुतेक."

खरं सांगतो, त्या नाण्याएवढ्या ठिपक्याकडे बघून माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. पण स्कोप खोटा ठरला तर माझा कान खोटा ठरणार होता. "नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हणालो. "हात थरथरला म्हण की!" शेजारच्या दोन पोरी हसल्या. भाचीने 'तक्रार नाही' लिहून सही केली. माझं आपलं उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी मी तो स्कोप माझ्या टेबलावर पकडीत घट्ट आवळला. आत दिसणारी नेमाची फुली समोरच्या पाटीच्या खिळ्यावर आणली. तीस क्लिक वर, तीस क्लिक खाली. टक, टक, टक, एकही चुकला नाही. फुली मात्र खिळ्याच्या खालीच राहिली, म्हणजे गोळी वरच जाणार. दहादा करून बघितलं, दहादा तेच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तसाच क्लबात गेलो. बाई म्हणाल्या, "हात थरथरला असता तर गोळ्या विखुरल्या असत्या. त्या एकाच जागी होत्या, म्हणूनच तर मी विचारलं होतं. आता दुसरीचं नाव पाठवलंय."

तिथून बहिणीकडे. तिने दारातच मला थांबवलं. "दादा, कालपासून जेवली नाही बघ. म्हणते, हात सुधारायचाय."

आत भाची रायफलच्या नळीला पाण्याची बाटली टांगून भिंतीकडे नेम धरून उभी होती. दंड आता खरोखरच थरथरत होते.

"ठेव ती खाली," मी म्हणालो. "तुझा हात थरथरला नव्हता. स्कोपच खोटा होता."

तिने वळून पाहिलं. चेहरा असा खुलला की मला वाटलं, झालं, इथेच थांबावं. कोणाला काय कळणार होतं?

"आणि मला तो संशय तिथेच आला होता," मी म्हणालो. "तू सही करायच्या आधी."

"आधी?"

"हो."

तिने बाटली सोडवली, रायफल पेटीत ठेवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आता जा."

आजवर ती मला 'तू' म्हणायची.