जांभळीचं पान

“काहून झाकून राहिलीस गं त्याचं तोंड?” सासूबाईंच्या हातातली पाण्याची चरवी तिथंच थांबली.

माझ्या लेकीनं, गुंजननं मान वर केली नाही. जांभळीच्या एका पानावर काळ्या कागदाची पट्टी ठेवून ती क्लिपा लावत होती. “शाळेतल्या बाईंनी सांगितलंय आजी. दोन दिस झाकायचं. झाकल्या जागी ऊन न्हाई लागत, मंग अन्न बी बनत न्हाई.”

“म्हंजी उपाशी ठिवतीस त्याला?”

“एकच तर पान हाय.”

“रामजीच्या दारात कण्हेर हाय की. तिचं झाक.”

“मला ह्याचंच बघायचंय.”

सुदामची, माझ्या नवऱ्याची राख ज्या खड्ड्यात टाकली, त्यातच ही जांभळी लावलेली. राख नदीत सोडायची नाही, झाड लावायचं, असं आमच्या गावात हल्ली बरेच जण करतात. टेम्पो उलटून तो गेला, त्याला आता दुसरं वर्ष. सासूबाई रोज पहिली चरवी इथं ओततात. “पी लेकरा,” म्हणतात. गुंजन शाळेला निघताना खोडाला हात लावते. लावायची. सोमवारपासून लावत नाही. मी दारातून बघते. ती जांभळीजवळून जाते आणि हात दप्तराच्या पट्ट्यावरच असतो.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा जवळ येऊन बसली.

“आई, तू कॉलेजात झाडांचंच शिकलीस ना? झाड माती खातं का?”

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत द्यावं तसं मी सरळ उत्तर दिलं.

“नाही गं. मातीतून पाणी घेतं, थोडे क्षार घेतं. बाकी सगळं हवेतून. उन्हाच्या जोरावर पानं हवेची आणि पाण्याची साखर करतात. खोड, फांद्या, सगळं त्याचंच.”

“मंग राखेचं न्हाई.”

“थोडंसं...”

“बाबा झाडात न्हाईत. झाड माती खात न्हाई, बाई बराबर म्हणल्या.”

तव्यावरची भाकरी करपली. मला जे सुचलं ते मी घाईघाईनं बोलून टाकलं. राख म्हणजे अगदी थोडं, बाकी माणूस धूर होऊन, वायू होऊन हवेत जातो. तोच वायू पानं आत ओढतात. “बाबा खालून नाही आले, वरून आले. पानांतून.”

खोटं नव्हतं त्यात काही. मला वाटलं, जमलं.

“पण धूर आपल्याकडं आलाच न्हाई,” ती म्हणाली. “रामजीकाकाच्या हळदीच्या वावरावरून गेला.”

सुदामला शेतातच अग्नी दिला. तिनं काही बघू नये म्हणून मी तिला शेजारच्या पल्लवीकडं धाडलं होतं, टीव्ही लावून दे म्हणून सांगितलं होतं. पल्लवीच्या घराला गच्ची आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“किती वेळ बघत होतीस?”

“संपस्तोर.”

सकाळी सासूबाईंनी पाणी ओतलं. पट्टी लावलेलं पान पदरानं पुसलं. पट्टी मात्र काढली नाही. गुंजन जांभळीला हात न लावताच निघाली. मी गल्लीच्या टोकापर्यंत मागं गेले.

रामजीभाऊंच्या बांधावर ती थांबली. हळदीच्या एका पानाला हात लावला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. वावर पार नाल्यापर्यंत हिरवंगार होतं.

शाळेची घंटा झाली. मी हाक मारली नाही.