अर्ध्या इंचाचा पाइप

"पंपात काय दोष नाय, साहेब. पाइप बारीक पडतोय," टाकीखालच्या कपाटातून डोकं बाहेर काढत गुणाजी म्हणाला.

करी रोडच्या टॉवरमधला बाविसावा मजला. सहा फुटी टाकीतले पाच मोठे मासे हवेसाठी वर येऊन तोंडं उघडत होते. समोर चाकाच्या खुर्चीत हेमचंद्र. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस या माशांसमोर जायचा.

"मग मोठा पंप लावा ना," त्यांचा मुलगा शंतनु म्हणाला.

"पंप कितीपण मोठा लावा, भिंतीतला पाइप अर्ध्या इंचाचा. वर पाणी जेमतेमच चढणार, आणि सगळा जोर जॉइंटवर येणार. बाहेरून एक इंची टाकतो. तासाभराचं काम."

"हॉलमध्ये उघडा पाइप? उद्या संध्याकाळी आमच्या स्पृहाच्या होणाऱ्या सासरची माणसं येतायत, गुणाजी. नंतर बघू. आज पंप बदला."

तीस वर्षं लोकांच्या घरांत टाक्या बसवताना 'बरं' म्हणायची गुणाजीला सवयच जडली होती. त्याने पंप बदलला, जॉइंटवर दोन क्लिपा आवळल्या. कपाटातली घरघर वाढली. वर पडणारी धार मात्र करंगळीएवढीच राहिली. हेमचंद्र त्याच्याकडे बघत होते. गुणाजीने नजर चुकवून पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंतनुचा फोन आला. "लगेच या."

सकाळी सगळे हिंदमाताला साडी घ्यायला गेले होते. हेमचंद्र एकटेच घरी. तेवढ्यात जॉइंट सुटला. कपाटातल्या खालच्या टाकीतलं पाणी जमिनीवर उडून गेलं आणि पंप कोरडा फिरून जळला.

गुणाजी दारातच थबकला. पाण्याने भरलेल्या फरशीवर हेमचंद्र काचेला छाती टेकून एका पायावर कसेबसे उभे होते. चांगला हात कोपरापर्यंत टाकीत घालून पाणी ढवळत होते. माशांना हवा मिळावी म्हणून. चार मासे उलटे तरंगत होते. एक अजून कल्ले हलवत होता.

"आम्ही आलो तेव्हापासून नाना असेच उभे आहेत. ऐकतच नाहीत," शंतनु म्हणाला.

गुणाजीने कुणाला काही विचारलं नाही. बटण बंद केलं, काल काढलेला जुना छोटाच पंप बसवला, हॉलच्या पांढऱ्या भिंतीवरून एक इंची पाइप चढवला. शंतनु पाइप धरून उभा राहिला.

मनगटाएवढी धार टाकीत कोसळू लागली.

हेमचंद्रांचा हात तरी थांबेना.

"नाना, आता पुरे. पाणी चढलं," गुणाजी म्हणाला. त्याने तो गारठलेला हात अलगद बाहेर काढला आणि आपल्या सदऱ्याच्या टोकाने एकेक बोट पुसत राहिला.