फाळक्यावरची पुट्टी

आमच्या दुकानात पत्र्याचे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा डबा कधी नसायचा. चेपलेल्या गाड्या सरळ करायचं दुकान आणि पुट्टी नाही, म्हणजे शिंप्याकडे दोरा नाही. पण बाबांचा हट्टच तसा. पोचा आला की पत्रा मागून ठोकून सरळ करायचा, दोन दिवस लागोत की चार. "पुट्टी म्हणजे पत्र्याला बोलायला लावलेलं खोटं," हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. काम संपलं की पत्र्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने तारीख कोरत. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, आता दुकान मीच चालवते, आणि त्यांच्या त्या वाक्यापायी किती गिऱ्हाइकं घालवली ते विचारू नका.

आता जागा सोडायची होती. पुढचं दुकान, मागचं घर, मधलं अंगण, सगळं मालकाला रिकामं हवं होतं. मी नव्या गॅरेजजवळ खोली घेतली आणि बाबा ताईकडे राहायला जाणार होते. आग्रह ताईचाच. तिने खालची खोली रंगवून घेतली होती, न्हाणीघरात बाबांना धरायला दांडी बसवली होती. सामानाला भाड्याचा टेंपो बोलावते म्हटलं तर बाबा तडकले.

"आपलं सामान दुसऱ्याच्या गाडीत? आपली पिकअप काय मेली आहे?"

मेलीच होती. शेडमागे पंधरा वर्षं उभी होती आणि हौद्यात मांजरींच्या तीन पिढ्या वाढल्या होत्या. पण म्हाताऱ्याचं मन कोण मोडणार! तीन आठवडे मी तिच्या मागे हात धुऊन लागले. ब्रेक बदलले, टायर बदलले, गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. शनिवारी सकाळी ती खोकत खोकत सुरू झाली तेव्हा बाबांनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या आणि ते आंघोळीला गेले. उरला होता फक्त फाळका, हौद्याचं मागचं खाली पडणारं दार. त्याच्या रंगाचे पापुद्रे सुटत होते. म्हटलं, घासून रंगाचा एक हात मारू, ताईच्या दारात लाज नको.

ग्राइंडर लावला तर रंगाखाली पत्रा लागेचना. लागली पुट्टी, चांगली बोटभर जाड.

आधी मी एकटीच खो खो हसले. सापडले महाराज! जन्मभर लोकांना उपदेश आणि स्वतःच्या गाडीला ही मलमपट्टी. आज जेवताना कशी खेचायची ते ठरवतच मी पुट्टी उतरवत गेले. खालून पोचा निघाला. उभा, मनगटाएवढा रुंद, वर गोल आणि खाली खोल. पत्रा वाचण्यावर माझं पोट चालतं. गाडी मागे घेताना ती लोखंडी पाइपावर आदळली होती आणि असा पाइप आमच्या अंगणात एकच होता: पाण्याच्या टाकीच्या स्टँडचा, शिडीकडचा खांब. तो थोडा वाकलेला होता. मी जन्मल्यापासून तो तसाच बघत आले होते.

फाळका खाली पाडून आतली बाजू ओल्या फडक्याने पुसली. कोपऱ्यात तारीख होती. खोटं काम केलं तरी हाताची सवय गेली नव्हती.

तारीख मी दोनदा वाचली. ताईच्या पाचव्या वाढदिवसाचा दुसरा दिवस.

ताई उजव्या पायाने लंगडते. पाचव्या वाढदिवशी, नको नको म्हणत असताना टाकीच्या शिडीवर चढली, पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण "ऐकलं नाही की काय होतं, ताईला विचार" हे ऐकतच मोठी झाले. ताई स्वतःसुद्धा आपल्या मुलांना हेच सांगते. बल्ब बदलायला ती स्टुलावरही चढत नाही.

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. त्यांनी उघडा फाळका पाहिला.

"बुजव ते," ते म्हणाले.

"ताई कुठे होती, बाबा?"

ते पालथ्या बादलीवर बसले. टॉवेलचं टोक पिळू लागले.

"खांबापाशी. गाडी मागे घेताना बघितलंच नाही मी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, शिडीवरून पडली. पोलीस आले असते, लायसन्स गेलं असतं. हातोडी मारली असती तर गल्लीभर ऐकू गेली असती. म्हणून पुट्टी."

"आणि नंतर? चाळीस वर्षं?"

"नंतर ती स्वतःच सांगायला लागली ना! 'मी ऐकलं नाही म्हणून पडले.' तिला शिडीवरून पडल्याचं आठवायलासुद्धा लागलं. मग कसं सांगणार?"

मला किळस आली. हो, स्वतःच्या बापाची. ज्या माणसाने मला पत्र्याशी खोटं बोलू दिलं नाही, त्याने स्वतःची चूक पाच वर्षांच्या पोरीवर ढकलून दिली.

"ती दुपारी येतेय. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"मग मी राहू कुठे?" बाबा म्हणाले. अगदी लहान आवाजात. त्या क्षणी मला त्याची पर्वा नव्हती.

ताई आली ती जुन्या चादरी घेऊन, कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून. बाबांनी फाळक्यावर हात ठेवून सांगितलं. काही गाळलं नाही. ताई चादरी पोटाशी धरून उभी होती.

"पण मला आठवतंय, बाबा. खाली हिरवं पिंप होतं."

"पिंप होतं. तू त्याच्याशी खेळत होतीस."

"आईला माहीत होतं?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ताईने चादरी माझ्या हातात दिल्या आणि सरळ टाकीकडे गेली. शिडीला हात लावला. चांगला पाय आधी, मग दुसरा ओढून वर. मी चादरी टाकून धावले आणि खाली हात पसरून उभी राहिले.

"सांभाळ, पडशील!" बाबा ओरडले. इतक्या वर्षांची सवय.

ताई तिसऱ्या पायरीवर थांबली. मागे वळून तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाबांनी तोंडावर हात धरला.

मग ती पार वर गेली, टाकीच्या कठड्यावर पाय सोडून बसली. तिला धाप लागली होती.

"खोली तयार आहे," ती वरून मला म्हणाली, "त्यांना घेऊन जा. किल्ली शेजाऱ्यांकडे आहे. मी येईन माझी मी."

आणि फाळक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यावर रंग मारू नकोस."