डाव्या मनगटाचा निकाल

कंपालातल्या एका खाजगी इस्पितळात सव्वीस पोरं सकाळपासून बाकांवर ओळीने बसली होती. पात्रता फेरी तीन आठवड्यांवर आली होती, आणि सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघात राहायचं तर प्रत्येकाच्या डाव्या मनगटाचा फोटो यंत्रातून काढून घ्यायचा, असा नियम होता. मनगटाच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक फट असते. वाढ पुरी झाली की ती बुजते. फट दिसली तर पोरगं लहान, नाही दिसली तर मोठं. जन्मदाखला काय म्हणतो आणि आई काय म्हणते, याला त्या यंत्रापुढे काही किंमत नव्हती.

काटोच्या आधी वास्वाचा नंबर लागला. तो बाहेर आला तो हसतच.

"पालथं झोपायचं, हात पुढे करायचा. आत कोणीतरी पत्रे ठोकत बसलंय, बाकी काही नाही."

काटोला मात्र आत गेल्यावर घाम फुटला. हात हलला म्हणून त्याचा फोटो दोनदा काढावा लागला.

दोघं जुळे. वास्वा अर्धा तास आधी जन्मला, म्हणून तो वास्वा आणि मागाहून आला तो काटो. त्यांच्याकडे जुळ्यांची नावं अशी ठरलेलीच असतात. आईचं स्वतःचं नाव तर क्योटेराच्या बाजारात कोणाला आठवतही नसे. जुळ्यांची आई म्हणून ती सगळ्यांची नालोंगो. लग्नाकार्यात तिला पुढची जागा मिळायची, बाजारातल्या बाया तिच्याशी भांडतानाही आवाज खाली ठेवून बोलायच्या. नवरा गेल्यावर तिच्याकडे हा एक मानच काय तो उरला होता.

चेहऱ्याने भाऊ सारखे होते, अंगाने नव्हते. वास्वा वीतभर उंच, खांद्याने रुंद, हनुवटीवर राठ केस उगवायला लागलेले. बचावफळीच्या मधोमध तो उभा राहिला की पुढचे गडी आपोआप कडेने वाट शोधायचे. काटो काटकुळा, डाव्या कडेने पळणारा. निवडीसाठी माणसं आली होती ती वास्वासाठी, हे काटोला पक्कं ठाऊक होतं. वास्वाने त्यांना सांगितलं होतं, "दोघं येऊ, नाहीतर दोघंही नाही." त्यावर दोघांची नावं यादीत पडली. काटोने त्याबद्दल भावाचे आभार कधी मानले नाहीत. तशी पद्धतच नव्हती त्यांच्यात.

तिसऱ्या दिवशी संघाचे व्यवस्थापक मुबिरूने काटोला एकट्याला खोलीत बोलावलं. मुबिरू जाडजूड, बोलायला गोड माणूस. पोरांना 'बाळा' म्हणायचा. त्याने दार लावलं, काटोला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, की तुझी फट स्वच्छ दिसते आहे, वास्वाची पूर्ण बुजली आहे.

काटोला आधी वाटलं, कागद उलटेपालटे झाले असतील. तो म्हणाला, आम्ही एकाच दिवशी जन्मलो, हे कसं होईल? मुबिरूने डॉक्टरला विचारून घेतलं होतं. शंभरात एखाद्या पोराचं हाड लवकर मिटतं, असं डॉक्टर म्हणाला होता. पण नियमात त्या शंभराव्या पोरासाठी ओळ नव्हती.

"वास्वा गेला, तो विषय संपला," मुबिरू म्हणाला. "आता तुझं बघू. तुमच्या दोघांच्या दाखल्यावर तारीख एकच. त्याची खोटी, तर तुझीही खोटी. समोरच्या संघाला एवढं कळलं की तुला मैदानातून उचलतील आणि आपले गुणही जातील."

मग त्याने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, की वास्वा हा काटोच्या मेलेल्या मावशीचा मुलगा, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, लहानपणापासून त्यांच्या घरी वाढलेला. दोघं जुळे नाहीत. काटो हे नाव आजोबांवरून ठेवलं आहे.

कागद फायलीत राहील, कोणी बघणार नाही, असं मुबिरूने दोनदा सांगितलं. काटोने एक दिवस मागितला. त्याला तासभर मिळाला.

त्या तासात तो कोच ओचेन यांच्याकडे गेला. ओचेन उत्तरेकडचे. तिकडे ओचेन म्हणजे जुळ्यांतला धाकटा, एवढं काटोला माहीत होतं. या माणसाला तरी आपलं कळेल, असं त्याला वाटलं. ओचेन मैदानावर सरावाचे शंकू मांडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक शंकू पायाने सरळ केला.

"माझा मोठा भाऊ चार वर्षांचा असताना गेला," ते म्हणाले. "मी जगलोच ना? सही करायची तर कर, नाहीतर बॅग भर. चारला सराव आहे. डाव्या कडेला कोण खेळणार ते मला कळलं पाहिजे."

काटोने सही केली. सही करताना त्याच्या मनात भावाचा चेहरा आला नाही. आला तो संघाच्या बसमधला रिकामा झालेला बाक, आणि त्यावर आपणही नसणार ही भीती. पुढे कित्येक दिवस त्याला याचीच लाज वाटत राहिली, की तेव्हा वाईट वाटायचंसुद्धा राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मुबिरू दोघांना गाडीत घालून क्योटेराला घेऊन गेला. आईचीही सही लागणार होती. वास्वाला तोवर एवढंच सांगितलं होतं, की तुझा निकाल वाईट आला आहे. वाटेत तो मध्येच डाव्या मनगटावर अंगठा दाबून बघत होता, जणू आतलं काही हाताला लागेल.

आई दारात मटोकेची हिरवी केळी सोलत बसली होती. पाहुणा बघून तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, गुडघे टेकून नमस्कार केला. मुबिरूने तिची खुशाली विचारली, मटोकेच्या घडाचं कौतुक केलं आणि मग तिला कागद वाचून दाखवला.

तिने तो दुसऱ्यांदा वाचायला लावला.

"साहेब, दोघांना मी एका दिवशी पाजलंय," ती म्हणाली. "एक इकडे, एक तिकडे. सुईण अजून जिवंत आहे."

मुबिरू नरमाईने म्हणाला, की ते सगळं खरंच असणार. पण सही नसेल तर दोघांवर बंदी येईल, दोन दोन वर्षांची. सही असेल तर एकावर.

"म्हणजे एकाला माझा नाही म्हणायचं. कोणत्या?"

"मोठ्याला, नालोंगो. यंत्र तसंच म्हणतंय."

तिने काटोकडे पाहिलं. काटो अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिला. वास्वा पुढे झाला, त्याने मुबिरूच्या हातातून कागद घेतला आणि सावकाश वाचला. शेवटच्या ओळीशी त्याची नजर थांबली.

"याची सही आधीच आहे," तो म्हणाला.

वास्वाने कागद आईपुढे धरला. "लाव अंगठा. दोघांना घरी बसवून तुला काय मिळणार?"

आई हलेना. तेव्हा त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, मुबिरूने आणलेल्या शाईच्या डबीत तिचा अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं, इतक्या हळुवारपणे.

मुबिरूला हायसं वाटलं असावं. कागदाची घडी घालता घालता त्याने बजावलं, की आता चारचौघांत जरा जपून. लोक विचारतील, वर्तमानपत्रवाले येतील. वास्वाने तिला आई म्हणू नये, मावशी म्हणावं.

"बरं," वास्वा म्हणाला. मग आईकडे वळून, "मावशी, पाणी देता का?"

तिने उठून पाणी दिलं. काटो परत गाडीत बसला. वास्वा घरीच राहिला.

कागद फायलीत राहिला नाही. आठवड्याने वर्तमानपत्रात वास्वाचा फोटो आला: वय चोरून संघात शिरलेला मुलगा, दोन वर्षं बंदी. बातमीत काटोचंही नाव होतं, पण कौतुकाने. मावसभावाचं बिंग फुटलं तरी हा प्रामाणिक पोरगा डगमगला नाही, असं. संघाच्या छावणीतल्या पोरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि एकाने काटोला विचारलं, की तुझ्या मावशीला किती वर्षांपूर्वी मारलंस? सगळे हसले. काटोही हसला. क्योटेरात आईला नालोंगो म्हणणं लोकांनी बंद केलं. कोणी भांडलं नाही की टोमणा मारला नाही. नुसती हाक बदलली. ती आता काटोची आई झाली.

पात्रता फेरी जिंजाजवळच्या मैदानावर झाली. पहिला सामना काटो बाकावरून बघत बसला. दुसऱ्यात शेवटची वीस मिनिटं खेळला. उपांत्य सामना खरा. तो जिंकला की मुख्य स्पर्धेचं तिकीट पक्कं. सत्तराव्या मिनिटाला काटोने डाव्या कडेने चेंडू आत आणला, एकाला हूल दिली, आणि गोलकीपर पुढे आलेला बघून त्याच्या पायाखालून चेंडू सरकवला. तो एकच गोल. पोरं त्याच्या अंगावर कोसळली, आणि त्या ढिगाऱ्याखाली श्वास कोंडलेला असताना त्याला महिन्याभरात पहिल्यांदा निखळ आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरलेल्या संघाने तक्रार ठोकली. त्यांच्या एका माणसाने क्योटेराच्या शाळेतून जुना फोटो मिळवला होता: पहिलीचा वर्ग, दोन सारख्या चेहऱ्यांची पोरं, खाली नावं लिहिलेली, वास्वा आणि काटो. तिघा जणांची समिती हॉटेलच्या एका खोलीत बसली. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं, त्या मुलाला आणा.

मुबिरू गाडी घेऊन गेला तेव्हा वास्वा वीटभट्टीवर होता. तो तसाच आला, मातीने माखलेल्या पायांनी. मुबिरूचा चेहरा उतरला होता. वाटेत त्याने बरीच आमिषं दाखवली होती म्हणे, पण वास्वा हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही.

काटोला भिंतीशी बसवलं होतं. वास्वाला टेबलासमोर उभं केलं. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, परदेशी होते. प्रश्न दुभाष्यातून यायचे.

त्यांनी काटोकडे बोट दाखवून विचारलं, "हा तुझा कोण?"

वास्वाने मान वळवून काटोकडे पाहिलं. भाजीच्या पाटीतून एखादी मिरची निवडताना बघावं तसं, नीट.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"एका घरात वाढलात ना?"

"घर याच्या आईचं. ती मला जेवायला घालायची."

"मग तुझं नाव वास्वा कसं? ते जुळ्याचं नाव आहे, असं आम्हाला सांगितलंय."

"आहेच," वास्वा म्हणाला. "मलाही एक काटो होता. तो मेला."

दुभाष्याने ते सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि ते हळू आवाजात म्हणाले, की विचारावं लागलं याचं वाईट वाटतं. तक्रार फेटाळली गेली.

काटो धावत मागे गेला. वास्वा जिन्याशी पोचला होता. काटोने हाक मारली, पण पुढे काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. हा आपल्याला वाचवायला आला, की पुरायला, हेच त्याला कळत नव्हतं. त्याने विचारलं, जेवलास का?

"तुम्ही आत जा," वास्वा म्हणाला. आवाजात राग नव्हता. रस्त्यात वाट विचारणाऱ्या माणसाशी बोलावं तसा तो बोलत होता. "साहेब लोक तुमची वाट बघत असतील. मला क्योटेराची गाडी गाठायचीय."

जन्मल्यापासून त्याने काटोला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. काटो तिथेच उभा राहिला. खालून भाड्याने माणसं नेणाऱ्या बोडावाल्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

मुख्य स्पर्धेत संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. काटो तीन सामन्यांत मिळून चाळीस मिनिटं खेळला. पुढच्या वर्षीच्या संघासाठी त्याला कोणी बोलावलं नाही; मुबिरूने फोन उचलणं थांबवलं. तो क्योटेराला परत आला तेव्हा वास्वा भट्टीजवळच्या खोलीत राहायला गेलेला होता. रविवारी तेवढा यायचा. बाहेरच्या बाकावर बसायचा, आत यायचा नाही. "मावशी, बरं आहे ना?" विचारायचा, पुढे केलेलं ताट रिकामं करायचा, आणि काटो दिसला तर उठून उभा राहायचा, पाहुण्यासमोर उठतात तसा.

एका रविवारी तो निघून गेल्यावर काटोने आईला विचारलं, की आता इथे कोण ऐकतंय, त्याला सांगत का नाहीस, की आई म्हण म्हणून?

आई ताट घासत होती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणाला, कागदावर अंगठा तुमचा आहे."

मग तिने ताट पालथं घातलं, आणि काटोला विहिरीवरून पाणी आणायला पाठवलं.