गिलावा नसलेली भिंत

“ही फळी तेल पिऊन पिऊन म्हशीगत जड झालीया,” मला टेम्पोत चढवताना गडी भावकू कुरकुरला. “टाकून दे म्हटलं तर भरमाअण्णा ऐकतोय व्हय?”

मित्रांनो, ती म्हैस मीच. मी सेंट्रिंगची जुनी फळी आहे. मच्छे गावच्या वखारीत मला चिरलं आणि अनगोळच्या भरमा मिस्त्रीनं घेतलं. ओलं काँक्रीट धरून ठेवायचं, ते घट्ट झालं की बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम. मग वर गिलावा होतो आणि आम्हाला सगळे विसरतात. भरमालाही विसरतात. त्यानं अर्धं बेळगाव उभं केलं, पण वास्तुशांतीच्या जेवणाचं बोलावणं त्याला कधी आलं नाही.

त्या खेपेला टेम्पो गेला थेट समुद्राकडे. तिथं कड्यावर घर बांधायचं होतं, पण कड्याचा एक दगडही फोडायचा नव्हता. छप्पर उताराबरोबर खाली येणार, मधला मोठा जांभा दगड तसाच बैठकीच्या खोलीत राहणार. आणि गिलावा अजिबात नाही. आमच्या अंगावरच्या रेषाच भिंतीवर दिसणार. गवंड्यांना वाटलं, बाई गिलावा विसरल्या.

बाई म्हणजे समता, भरमाची लेक. आर्किटेक्ट झाल्यावरचं तिचं हे पहिलंच घर. निघण्याआधीच भरमानं तिला बजावलं होतं, “साईटवर मला आप्पा म्हणायचं न्हाय. मालकीण म्हणंल, पोरीनं घरचीच माणसं भरली.”

मग आठ महिने ती त्याला मिस्त्री म्हणाली आणि तो तिला मॅडम. जेवायला दोघं दोन टोकांना बसायचे. चटणी मात्र दोघांच्याही डब्यात बायडाबाईच्याच हातची, म्हणजे समताच्या आईच्या.

“मॅडम, मिस्त्री जेवला का इचारा की जरा,” भावकू मुद्दाम म्हणायचा. सगळ्या गड्यांना ठाऊक होतं. बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या मालकीणबाईंना तेवढं नव्हतं.

काँक्रीट ओतण्याआधी भरमानं तारेच्या ब्रशनं घासून माझी एकेक रेष वर आणली. फळ्या निघाल्या त्या दिवशी तो भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. समता लांबूनच बघत होती. जवळ यायचं, तर कोण म्हणून यायचं?

पुढं आम्ही महिनाभर अंगणात पडून होतो. खाऱ्या वाऱ्यानं माझं अंग तडकलं. मित्रांनो, काम झालेल्या वस्तूला निदान सावलीत तरी ठेवत जा.

भरमा आम्हाला न्यायला आला, तेव्हा घर बघायला पाहुणे आले होते. मालकीणबाई त्या भिंतीवरून हात फिरवत होत्या. भरमा दिसताच त्यांनी त्याला आत बोलावलं. तो चपला काढून उंबऱ्यातच थांबला.

“काय हात आहे तुमचा, मिस्त्री! समता, यांना शोधलंस तरी कुठून?”

भरमानं हळूच मान हलवली, नको म्हणून.

“शोधलं नाही, मॅडम,” समता म्हणाली. “हे माझे आप्पा.”